डब्याचे वजन आधी, गाडीचा भाव मागाहून

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे जत्रा भरते. माघ पौर्णिमेच्या सुमारास हाजी मलंगचा उरूस असतो आणि त्यानंतर पंधरवड्याने महाशिवरात्रीला अंबरनाथ पूर्वेच्या प्राचीन शिवमंदिराजवळ यात्रा लागते. दीड महिन्याच्या आत तीन मोठे बाजार, आणि तिन्ही आपल्या घरापासून सकाळी निघून रात्री परतता येईल इतक्या अंतरावर. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर भागातले आपले बांगडीवाले, अत्तर-टोपीवाले, गादी-रजईवाले, खेळणीवाले आणि बेकरीचा माल विकणारे बांधव या हंगामावर वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा मोजतात.

आजवरची रीत अशी, की भाड्याचा टेम्पो करायचा, माल उतरवायचा, चार बांबू रोवून ताडपत्री बांधायची आणि रात्री मालाच्या गाठोड्यावरच डोके टेकायचे. जाता-येता टेम्पोचे भाडे, जागेचे भाडे, राखणीची चिंता आणि थंडीतले दव, हे सगळे सोसून जे उरेल ती कमाई. म्हणून अलीकडे बरेच जण जुनी पिकअप घेऊन तिच्या हौद्यात बसेल असा तयार डबा करून घेण्याचा विचार करतात. दिवसा बाजूचा पलटा उघडला की दुकान, रात्री आतल्या फळीवर झोप. जत्रा संपली की चार पायांवर डबा उतरवून ठेवायचा आणि गाडी रोजच्या माल वाहतुकीला मोकळी करायची.

कल्पना उत्तम आहे. पण बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी स्वस्तात मिळाली म्हणून गाडी घेतली जाते, मग तिच्या मापाचा डबा बनतो, आणि वजनाचा हिशेब पहिला पाटा तुटल्यावर होतो. या लेखाचा सारा रोख हा क्रम सुलटा करण्याकडे आहे.

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायचा आणि हवा तेव्हा उतरवायचा राहता डबा हा जुना प्रकार आहे. तिकडे लोक तो सहलीसाठी वापरतात. आपण तो रोजीसाठी वापरणार, एवढाच फरक. मात्र तिकडची एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तेथील सरकारी नियमाप्रमाणे डबा बनवणाऱ्याला डब्याचे वजन आणि त्याचा गुरुत्वमध्य लिहून द्यावा लागतो, आणि गाडी बनवणाऱ्याला ती किती वजन पेलेल व त्या वजनाचा मध्य हौद्यात कोठे यावा हे सांगावे लागते. आपल्याकडे डबा फॅब्रिकेटर बनवतो. त्याला वजन विचारले तर उत्तर येते, "शेठ, एकदम मजबूत बनवतो, काळजी करू नका." नेमकी काळजी त्या मजबुतीचीच करायची आहे. (आपल्याकडे बोलेरोच्या एका प्रकाराला 'कॅम्पर' म्हणतात. ती दोन ओळींच्या सीटची पिकअप आहे. तिचा हौदा आखूड असतो. नावावर जाऊन ती घेऊ नये.)

आता वजन मोजू. समजा डबा आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि सहा फूट उंच आहे. दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा, मीटरला सुमारे सव्वादोन किलो भरतो. सांगाड्याला असा ४० मीटर पाइप धरला तर ९० किलो झाले. भिंती आणि छप्पर मिळून सुमारे १९ चौरस मीटर पत्रा लागतो. ०.८ मिलिमीटरचा जीआय पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो, म्हणजे १२० किलो. आतून सहा मिलिमीटरचे प्लाय लावले तर आणखी ७५ किलो, आणि तळाला १८ मिलिमीटरचे प्लाय म्हणजे ५० किलो. दार, पलटा, फळ्या, बिजागऱ्या आणि उतरवण्याचे चार पाय यांना ६० किलो धरा. रिकामा डबाच चारशे किलोच्या घरात गेला. त्यात इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ५५ किलो, पाण्याचे दोन जार ४० किलो, केबिनमध्ये बसणारी दोन माणसे १३० किलो. माणसेही गाडीच्याच वजनात मोजायची असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वर माल ३०० किलो. बेरीज झाली सव्वानऊशे किलोच्या आसपास.

टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हाथी', २००५ साली बाजारात आला आणि त्याने लहान व्यापाऱ्याचे चित्र बदलले, यात शंका नाही. पण त्याची वहनक्षमता पाऊण टनाच्या आसपास आणि हौदा सुमारे सात फुटांचा. वरचा डबा त्याच्यावर बसणार नाही. जबरदस्तीने बसवला तर गाडी पहिल्या दिवसापासून जादा भाराने पळेल. शिवाय एस अरुंद आहे. सहा फुटी डबा तिच्यावर चढला की वळणावर आणि उघड्या रस्त्यावरच्या वाऱ्यात ती डुलते. ज्याचा माल हलका आहे, जसे टोप्या, अत्तर, प्लास्टिकची खेळणी, त्याने डबा चार फूट उंचीचा, उभे न राहता बाहेरून उघडणारा करावा. मग एस चालेल, पण आत झोपण्याचा विचार सोडावा लागेल. ज्याला झोपायची सोय आणि भरीव माल दोन्ही हवे, त्याने बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त किंवा टाटाची मोठी पिकअप याच गटात पाहावे. दोस्त २०११ साली आली, तिची क्षमता सव्वा टनाची आहे. बोलेरो पिकअपमध्ये सव्वा टनापासून १.७ टनापर्यंतचे प्रकार रस्त्यावर आहेत. बाहेरून सारख्या दिसतात, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये. आरसी बुकावर 'एकूण वजन' आणि 'रिकामे वजन' असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की खरी क्षमता कळते.

तीही पूर्ण खरी नसते. मागच्या मालकाने जाड फाळके, उंच लोखंडी जाळी, तळाला चेकर्ड प्लेट ठोकलेली असते आणि ती आरसीच्या आकड्यात नसते. म्हणून सौदा ठरण्याआधी गाडी रिकामी करून वजनकाट्यावर न्यावी. आनंदनगर एमआयडीसीच्या परिसरात मालगाड्यांची रोज ये-जा असते, काटा शोधायला लांब जावे लागत नाही. एकदा पूर्ण गाडीचे वजन घ्या आणि एकदा फक्त मागची चाके काट्यावर ठेवून घ्या. दोन पावत्या जपून ठेवा. डबा बसल्यावर पुन्हा तेच करा, म्हणजे मागच्या एक्सलवर नेमका किती भार वाढला ते कळेल. याला लागणारा खर्च एका पाट्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

साधी माल वाहतूक आणि डबा वाहणे यात एक मूलभूत फरक आहे. टेम्पो एका फेरीत भरलेला असतो, परतीला रिकामा येतो आणि पाटे सुटतात. डबा मात्र हंगामभर अंगावरच असतो, गाडी उभी असतानाही. शिवाय त्याचा भार उंचावर असतो. भंगाराचा एक टन आणि डब्याचा एक टन काट्यावर सारखे, रस्त्यावर नाही. म्हणून हिशेबात सव्वानऊशे आले तर हजाराच्या क्षमतेची गाडी न घेता सव्वा-दीड टनाची घ्यावी. "पाटे वाढवून देतो" असे सांगणारा मिस्त्री हटकून भेटतो. जादा पाट्याने गाडी खाली बसत नाही हे खरे, पण ब्रेक, बेअरिंग, टायर आणि एक्सल तेच राहतात. कागदावरची क्षमताही तीच राहते.

गाडी पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न किलोमीटरचा विचारतात. मी म्हणेन, पहिला प्रश्न असा विचारावा: ही आजवर काय वाहत होती? उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फिरलेली पिकअप बहुधा चांगली निघते. कपाट-सोफा जागा खातो, वजन फार नसते. पाव-बिस्किटांची आणि कुरिअरची गाडी किलोमीटर जास्त खाल्लेली असते, पण तिची चासी सरळ असते. इंजिनाला खर्च येईल, सांगाडा तुमच्या कामाचा राहील. रेती, विटा, भंगार किंवा लोखंडी सळ्या वाहिलेली गाडी रंग कितीही चकाकत असला तरी टाळावी. आणि मासळीची गाडी तर घेऊच नये. बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या तळातून चासीवर वर्षानुवर्षे ठिबकलेले असते. वास धुऊन जातो, गंज जात नाही. वापर लपवला असेल तर हौद्याच्या कडा, कोपऱ्यातली पोपडी आणि फाळक्यांच्या बिजागऱ्या बोलतात.

मग इंजिनाच्या आधी गाडीखाली शिरावे. आपल्याकडे गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकते आणि खूश होते. डब्यासाठी गाडीचा मागचा भाग महत्त्वाचा. दोन्ही बाजूंचे पाटे सारखे वाकलेले आहेत का, मधल्या पानाला तडा आहे का, यू-बोल्ट नवे असतील तर का बदलले, शॅकलच्या पिना ढिल्या आहेत का, हे पाहा. केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या कंसाजवळ चासीला वेल्डिंगचा टाका दिसला, किंवा तेवढ्याच भागावर ताजा काळा रंग दिसला, तर सौदा तिथेच थांबवा. दोन पाट्यांवर लादून वाकलेली चासी पुन्हा सरळ करता येते असे सांगतात. डब्याचा उंच भार तिच्यावर घालायचा नसतो. डिफरेन्शियलच्या घुमटाभोवती ऑइल, मागच्या चाकांच्या आतून ग्रीस किंवा ब्रेक ऑइल येत असेल तर खर्च धरावा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. तुम्ही येण्याआधी गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी आत शिरत असण्याची शक्यता. ऑइलचे झाकण काढल्यावर भसाभस वाफारा येत असेल तर इंजिन थकले. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि धुराच्या गाळणीचे काम आले. त्यांचा इशारा-दिवा चावी फिरवताच लागून मग विझला पाहिजे. अजिबात लागतच नसेल तर कोणीतरी तो काढून टाकला असण्याचा संभव आहे. सीएनजीची गाडी असेल तर टाक्यांच्या चाचणीचा दाखला मागावा, आणि टाक्यांचे वजनही हिशेबात धरावे.

रिकाम्या गाडीची चाचणी ही अर्धी चाचणी. पन्नास किलोच्या बारा गोण्या हौद्यात टाका आणि अंबरनाथचा पूर्व-पश्चिम जोडणारा उड्डाणपूल चढवून पाहा. चढावर अर्ध्यावर थांबा, पुन्हा उचला. क्लच सरकत असेल तर इंजिन ओरडते आणि गाडी हलत नाही. उतरताना ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. गोण्यांसह चाचणीला जो विकणारा नाही म्हणतो, त्याच्या गाडीसाठी घाई करण्याचे कारण नाही.

आपल्या भागातली एक खास गोष्ट म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीने बदलापूर-कल्याण पट्टा बुडवला. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पुरात अडकली, तेव्हा आसपास उभ्या असलेल्या गाड्यांचे काय झाले असेल याची कल्पना करावी. वालधुनीकाठची वस्ती तर जवळजवळ दर मोठ्या पावसात भिजते. अशा गाड्या धुऊन, सीट बदलून बाजारात येतात. सीटखालचे बोल्ट गंजलेले, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या वितीवर चिखलाचा पट्टा, फ्यूजच्या डब्यात हिरवट थर, दिव्यांच्या काचेत आतून पाण्याची रेघ, हेडलाइटच्या कोपऱ्यात बारीक गाळ. यातले दोन जरी दिसले तरी उठून यावे. पुरात बुडालेल्या गाडीची वायरिंग महिन्या-दोन महिन्यांनी बोलू लागते, आणि नेमकी उरुसाच्या रात्री.

आता कागद. व्याज टाळण्यासाठी एकरकमी पैसे देऊन गाडी घेण्याकडे आपल्या वाचकांपैकी अनेकांचा कल असतो. त्यात एक धोका दडलेला आहे. कर्ज देणारी बँक स्वतःच्या पैशांच्या काळजीने कागद तपासते. रोख घेणाऱ्यासाठी हे काम करणारे कोणी नसते, ते त्यानेच करायचे असते. आरसीवर आधीच्या फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तिचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घातला की फिटनेस, विमा, पीयूसी आणि बोजा यांची माहिती दिसते. थकलेली ई-चलानेही पाहता येतात. चासी नंबर आरसीवरून नव्हे, गाडीवरून वाचावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरपट्टी बसवली आहे का तेही पाहावे.

मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो, आणि पंधरा वर्षांवरील गाड्यांची फिटनेस फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. म्हणजे चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते त्याला कारण असते. वर्षातून तीन-चार महिनेच डबा फिरवणाऱ्याला ती परवडेल असे मला वाटत नाही. माझ्या मते सहा ते नऊ वर्षांची गाडी या कामाला बरी. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवाना लागत नाही, त्यावर गेल्यास लागतो. दोन सारख्याच पिकअपमधून निवड करताना हा मुद्दा पाहावा. चालवणाऱ्याची चिंता मात्र मिटली आहे. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली की काम संपले असे समजू नये. ३० दिवसांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी आरटीओकडे अर्ज करायचा असतो. आपल्याकडे हे कल्याणचे कार्यालय, एमएच-०५. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर चालत येते, पण तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई पॉलिसी जुन्या नावावर असताना मिळत नाही. डबा आणि माल त्या पॉलिसीत आपोआप येत नाहीत. विकणाऱ्यानेही घाई करावी. नोंदीवर नाव ज्याचे, अपघाताची जबाबदारी त्याची, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

डबा चासीला वेल्डिंग करून कायमचा जोडला तर तो गाडीतला बदल ठरतो, आणि कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाही असे न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटले आहे. म्हणून डबा सुटा असावा, बोल्ट-क्लॅम्पने हौद्याला आवळलेला, आणि बनवण्यापूर्वी त्याचे रेखाचित्र घेऊन आरटीओत विचारणा करावी. हौद्याच्या बाजूने किंवा मागे बाहेर आलेल्या भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये दंड ठेवला आहे. जादा वजनालाही २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. चालत्या गाडीत डब्यात कोणीही बसू नये, घरची मुलेमाणसे तर नाहीच. मालगाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच ठरवले आहे.

डब्याच्या आत वजन कोठे ठेवायचे तेही गाडी घेतानाच ठरवा. बॅटरी, पाणी आणि जड माल तळाशी, केबिनच्या बाजूला. मागच्या दाराजवळ हलका माल. मागच्या चाकांच्या मागे भार गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंग हातात राहत नाही. पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम कॉम्पोझिट शीट वापरली तर ४० किलोच्या आसपास वाचतात.

पैशाचे म्हणाल तर हातात जितके असतील त्यातले दहापैकी दोन रुपये बाजूला ठेवूनच गाडीचा भाव बोलावा. ते टायर, पाटे, ब्रेक आणि कागदांवर जाणार आहेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्याने मनाई आहे, तेव्हा रक्कम बँकेतून द्यावी आणि पावतीवर गाडीचा व चासीचा नंबर लिहून घ्यावा. ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तर हे आणखी काटेकोरपणे करावे, मागाहून दोघांनाही बरे पडते.

वेळ म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये गाडी बघायला निघावे. बांधकामे थंडावलेली असतात, विकणारा ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो आणि केबिन कोठून गळते तेही आपोआप दिसते. ऑक्टोबरपर्यंत नावावर करून घेतली तर डब्याचे काम दिवाळीनंतर सुरू करता येईल. फॅब्रिकेटरकडे त्या दिवसांत गर्दी असते. म्हसाच्या जत्रेआधी किमान एक आठवडाबाजार भरल्या डब्याने करून पाहावा, आणि परत येताना पुन्हा काट्यावर उभे राहावे.